फंक्शनमध्ये स्कोर का वाढत नाही? व्हेरिएबलचा स्कोप आणि कॉन्स्टंट, सोप्या भाषेत

सध्या कोड लिहून द्यायला एआय हाताशी आहे, त्यामुळे प्रोग्रॅमिंग शिकायला नुकत्याच बसलेल्या माणसाच्या स्क्रीनवरही दोन-तीनशे ओळींचा प्रोग्रॅम असतो आणि तो चालतोसुद्धा. मग त्यातली एखादी ओळ आपण स्वतः बदलायला जातो आणि पायथन म्हणतं की या व्हेरिएबलला अजून व्हॅल्यूच दिलेली नाही. व्हॅल्यू तर चार ओळी वर धडधडीत लिहिलेली दिसत असते! इथे बरेच जण एरर कॉपी करून परत एआयला देतात, तो काहीतरी एक शब्द वाढवून देतो, गाडी पुढे जाते, आणि नक्की काय झालं होतं ते कळायचं राहूनच जातं.

तर आधी दोन कोडी मांडतो, मग उत्तराकडे जाऊ.

पहिलं पायथनमधलं. फंक्शनच्या बाहेर स्कोर = ० लिहिलंय आणि खेळाडू नावाची एक रिकामी लिस्ट आहे. फंक्शनच्या आत स्कोर = स्कोर + १० केलं की एरर. पण त्याच फंक्शनमध्ये खेळाडू.अपेंड करून लिस्टमध्ये नवीन नाव घातलं तर बिनबोभाट चालतं. दोन्ही बाहेरचेच, मग एकाला मुभा आणि दुसऱ्याला मनाई का?

दुसरं जावास्क्रिप्टमधलं. कॉन्स्ट लावून एक ॲरे (पायथनच्या लिस्टसारखाच) बनवला, म्हणजे हा आता बदलायचा नाही अशी आपली समजूत. तरी त्यात पुश करून हवं तेवढं भरता येतं, कोणी अडवत नाही. आणि कॉन्स्ट वय = २० लिहून नंतर वय = २१ केलं की लगेच टाइपएरर. मग कॉन्स्टने नक्की काय पक्कं केलं?

भाषा वेगळ्या, पण दोन्ही कोड्यांची किल्ली एकच आहे.

## नाव वेगळं, व्हॅल्यू वेगळी

'व्हेरिएबल म्हणजे डबा, त्यात व्हॅल्यू ठेवायची' असं बहुतेक ठिकाणी शिकवतात. पहिल्या दिवसापुरतं ठीक आहे, पण माझ्या मते पुढचा निम्मा गोंधळ या डब्यामुळेच होतो. पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये व्हॅल्यू मेमरीत कुठेतरी असते आणि व्हेरिएबल हे तिला दिलेलं नुसतं नाव असतं. बरोबरचं चिन्ह गणितातलं नाही, त्याचा अर्थ 'उजवीकडची व्हॅल्यू काढा आणि डावीकडचं नाव आता तिला द्या' एवढाच. म्हणूनच एका व्हॅल्यूला दोन नावं असू शकतात. अ = [१, २] लिहा, मग ब = अ लिहा, मग ब मध्ये ३ अपेंड करा आणि अ प्रिंट करून बघा. अ ला हात न लावताही त्यात तीन आकडे दिसतील, कारण लिस्ट एकच आहे, नावं दोन आहेत.

यातून दोन वेगळ्या क्रिया निघतात. एक म्हणजे नाव उचलून दुसऱ्या व्हॅल्यूला देणं, याला रीअसाइन करणं म्हणतात. दुसरी म्हणजे नाव आहे तिथेच ठेवून व्हॅल्यू आतून बदलणं, हे म्यूटेट करणं. स्कोर = स्कोर + १० ही पहिली क्रिया, कारण ० चा काही १० होत नाही, स्कोर हे नाव ० वरून निघून १० कडे जातं. खेळाडू.अपेंड ही दुसरी, नाव जागचं हलत नाही, लिस्ट तेवढी वाढते.

आता स्कोप आणि कॉन्स्टंट हे दोन्ही नियम नावाबद्दलचे आहेत, व्हॅल्यूबद्दलचे नाहीत. स्कोप सांगतो नाव कुठपर्यंत ओळखलं जाईल, कॉन्स्टंट सांगतो नाव दुसरीकडे नेता येईल की नाही. एवढं धरून ठेवलं की वरच्या दोन्ही कोड्यांपैकी निम्मं तर इथेच सुटलं.

## स्कोप म्हणजे काय

कोडच्या जेवढ्या भागात एखादं नाव ओळखलं जातं तो त्या नावाचा स्कोप. 'आई' अशी हाक मारली की प्रत्येक घरात कोणीतरी ओ देतं, प्रत्येक घरात वेगळी बाई ओ देते, आणि त्यावरून कधी कुणाचा घोळ झालेला नाही, कारण हाक कुठल्या घरात मारली यावरून ती कोणासाठी आहे ते ठरतं. फंक्शनचं अगदी तसंच आहे, एका फंक्शनमधलं 'एकूण' नावाचं व्हेरिएबल आणि दुसऱ्या फंक्शनमधलं 'एकूण' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, नाव तेवढं एक.

फंक्शनच्या आत तयार झालेल्या नावाला लोकल म्हणतात आणि सगळ्या फंक्शनच्या बाहेर, फाइलच्या पातळीवर तयार झालेल्याला ग्लोबल. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही. आणि फंक्शन संपलं की त्याची लोकल नावं पुसली जातात, पुढच्या वेळी कॉल केला की परत कोरी पाटी. (सी भाषेत स्टॅटिक लावलं तर लोकल व्हेरिएबलची व्हॅल्यू दोन कॉल्सच्या मध्येही टिकते, पण नाव दिसतं ते त्या फंक्शनच्या आतच. म्हणजे दिसणं आणि टिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत.)

ही कल्पना जुनी आहे. १९६० च्या अल्गॉल ६० या भाषेने बिगिन आणि एंड यांच्यामधला ब्लॉक आणि त्या ब्लॉकपुरती नावं ही पद्धत रुजवली आणि सी, जावा, जावास्क्रिप्ट सगळ्यांनी ती पुढे नेली. सगळ्यांनाच ती लगेच पटली असंही नाही, १९६४ च्या मूळ बेसिकमध्ये जवळपास सगळी व्हेरिएबल्स ग्लोबलच असायची.

## आता ती एरर जवळून बघू

कोड असा आहे. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं खरंच देवनागरीत देता येतात, फक्त डेफ, रिटर्न, प्रिंट असे भाषेचे स्वतःचे शब्द आणि आकडे रोमनमध्ये टाइप करावे लागतात, इथे वाचायला सोपं जावं म्हणून सगळं देवनागरीत लिहितोय.

स्कोर = ०
डेफ पॉइंट_दे():
    प्रिंट(स्कोर)
    स्कोर = स्कोर + १०
पॉइंट_दे()

हे चालवलं की अनबाउंडलोकलएरर येते. गंमत म्हणजे ती येते प्रिंटच्या ओळीवर! शेवटची बेरजेची ओळ काढून टाकली तर प्रिंट सुरळीत चालतं आणि ० दाखवतं. म्हणजे खालच्या ओळीमुळे वरची ओळ बिघडली. कोड वरून खाली चालतो असं शिकलेल्या माणसाला हे विचित्र वाटणारच.

होतं असं की पायथन फंक्शन चालवण्याआधी ते पूर्ण वाचून कंपाइल करतं, म्हणजे चालवता येईल अशा रूपात आणतं, आणि त्याच वेळी कुठलं नाव लोकल हे ठरवून टाकतं. नियम एकदम सरळ आहे, फंक्शनमध्ये कुठेही, अगदी शेवटच्या ओळीत का होईना, एखाद्या नावाला बरोबरचं चिन्ह लावून व्हॅल्यू दिली असेल तर ते नाव त्या पूर्ण फंक्शनसाठी लोकल. इथे स्कोरला खाली व्हॅल्यू दिलीय, म्हणून वरच्या प्रिंटमधला स्कोरसुद्धा लोकल धरला गेला, आणि त्या लोकल स्कोरला अजून काहीच मिळालेलं नाही. बाहेरचा स्कोर शून्य घेऊन बसलाय, पण त्याच्याकडे कोणी बघतच नाही. पायथन ३.११ पासून एररचा मजकूरही साधारण असाच आहे की या लोकल व्हेरिएबलला अजून कुठलीच व्हॅल्यू जोडलेली नाही.

खेळाडू.अपेंड का चाललं तेही यातच आलं. तिथे खेळाडू = असं काही लिहिलेलंच नाही, त्यामुळे खेळाडू हे नाव लोकल झालं नाही, आत सापडलं नाही म्हणून पायथनने बाहेर शोधलं, बाहेर मिळालं, आणि त्या लिस्टमध्ये भर टाकली. रीअसाइन नाही, म्यूटेट.

उपाय दोन आहेत. एक म्हणजे फंक्शनच्या सुरुवातीला ग्लोबल स्कोर अशी ओळ टाकायची, म्हणजे पायथनला सांगायचं की हे नाव बाहेरचंच धर. एआय बरेचदा हेच करून देतो आणि एरर जाते. दुसरा उपाय जास्त चांगला:

डेफ पॉइंट_दे(आधीचा):
    रिटर्न आधीचा + १०
स्कोर = पॉइंट_दे(स्कोर)

इथे फंक्शनला लागणारी गोष्ट हातात दिली आणि उत्तर हातात घेतलं. स्कोर नक्की कुठे बदलला हे शेवटच्या ओळीत स्वच्छ दिसतं, फंक्शनच्या पोटात जाऊन शोधावं लागत नाही. एक सावधगिरी मात्र ठेवा, पॅरामीटर म्हणून (म्हणजे वरच्या 'आधीचा'सारखी कंसातून) लिस्ट दिली आणि फंक्शनने आत तिच्यात अपेंड केलं तर बाहेरची लिस्टही बदलते, कारण परत तेच, नावं दोन आणि लिस्ट एक.

## स्कोप कुठे संपतो हे प्रत्येक भाषेत वेगळं

सी, सी प्लस प्लस, जावा यांच्यात महिरपी कंसांचा प्रत्येक ब्लॉक म्हणजे नवा स्कोप. इफच्या कंसात बनवलेलं नाव कंस बंद झाला की संपलं. पायथनमध्ये तसं नाही, तिथे इफ, फॉर, व्हाइल यांना स्वतःचा स्कोप नसतो, फक्त फंक्शन, क्लास आणि मॉड्यूल (म्हणजे पूर्ण फाइल) यांना असतो (लिस्ट कॉम्प्रिहेन्शन, म्हणजे एका ओळीत लूप लिहून लिस्ट बनवणं, त्यातलं व्हेरिएबल तेवढं अपवाद). फॉर लूप संपल्यावरही फेऱ्या मोजणारं आय हे नाव जिवंत असतं आणि शेवटची व्हॅल्यू धरून असतं. जावामधून पायथनकडे आलेल्यांना हे गैरसोयीचं वाटतं, मलाही वाटतं.

जावास्क्रिप्टची तर वेगळीच कथा. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये १० दिवसांत त्याचा पहिला नमुना तयार केला आणि त्यात व्हेरिएबल बनवायला व्हार हा शब्द होता, आणि व्हारने बनवलेलं नाव फंक्शनपुरतं असतं, ब्लॉकपुरतं नाही. त्याचा हमखास बसणारा फटका म्हणजे हा: व्हार आय वापरून ० ते २ असा लूप चालवायचा आणि प्रत्येक फेरीत सेटटाइमआउट लावून एका सेकंदाने आय छापायला सांगायचं. अपेक्षा ०, १, २ ची असते आणि छापलं जातं ३, ३, ३. कारण आय हे नाव एकच आहे, तिन्ही टायमर त्याच नावाकडे बघतायत, आणि एका सेकंदाने ते उठतात तेव्हा लूप केव्हाच संपून आय ३ वर पोचलेला असतो. व्हारच्या जागी लेट लिहा, ०, १, २ छापलं जातं, कारण लेटला प्रत्येक फेरीत नवीन आय मिळतो. लेट आणि कॉन्स्ट हे दोन्ही जून २०१५ च्या ईएस ६ या जावास्क्रिप्टच्या आवृत्तीत आले, पण जुन्या वेबसाइट्स बंद पडतील म्हणून व्हार काढता आलं नाही, ते अजून तसंच आहे आणि जुने ट्युटोरियल बघून शिकणाऱ्यांच्या कोडमध्ये अजून येतं.

## आतलं नाव बाहेरच्याला झाकतं

आत आणि बाहेर एकाच नावाची दोन व्हेरिएबल्स असतील तर आतलं जिंकतं, बाहेरचं झाकलं जातं, याला शॅडोइंग म्हणतात. पायथन नाव शोधताना आधी सध्याच्या फंक्शनमध्ये बघतं, मग त्याला वेढणाऱ्या बाहेरच्या फंक्शनमध्ये, मग ग्लोबलमध्ये आणि सगळ्यात शेवटी भाषेने आधीच दिलेल्या बिल्ट-इन नावांमध्ये.

तो शेवटचा क्रमांक नवशिक्यांना नडतो. आकड्यांच्या लिस्टला हौसेने लिस्ट असंच नाव दिलं, किंवा बेरजेला सम, मोठ्या आकड्याला मॅक्स. चालतं सगळं, पायथन काहीच बोलत नाही. मग पन्नास ओळींनी खाली खऱ्या लिस्ट फंक्शनची गरज पडते आणि उत्तर येतं की लिस्ट ऑब्जेक्टला कॉल करता येत नाही. कारण बिल्ट-इन लिस्टच्या आधी ग्लोबलमधलं तुमचं लिस्ट सापडलं आणि शोध तिथेच थांबला. असली एरर आली की त्या ओळीत चूक शोधत बसू नका, ते नाव फाइलमध्ये वर कुठे आपणच वापरलंय का ते आधी शोधा.

## कॉन्स्टंट कशासाठी

कोडमध्ये मध्येच ८६४०० असा आकडा दिसला तर वाचणाऱ्याने काय समजायचं? तो एका दिवसाचे सेकंद आहे (२४ गुणिले ६० गुणिले ६०), पण हे ज्याने लिहिलं त्याला त्या दिवशी माहीत होतं. अशा उघड्या आकड्यांना मॅजिक नंबर म्हणतात. त्याच्या जागी दिवसाचे_सेकंद असं नाव दिलं की वाचता येतं, आणि दहा ठिकाणी टाइप करताना एका ठिकाणी ८६४४० झालं अशी चूक होत नाही. नाव चुकलं तर एरर येते, आकडा चुकला तर काहीच येत नाही, उत्तर फक्त गुपचूप चुकीचं येतं.

कॉन्स्टंट म्हणजे जगात कधीच न बदलणारी गोष्ट असं मात्र नाही. गणितातला पाय (३.१४...) बदलत नाही हे खरं, पण खेळात खेळाडूला किती जीव द्यायचे हा आकडा तुम्ही उद्या बदलू शकता. अट एवढीच की प्रोग्रॅम चालू असताना ते नाव दुसऱ्या व्हॅल्यूकडे जाणार नाही. जावास्क्रिप्टमध्ये तर युजरने टाइप केलेला आकडाही कॉन्स्टमध्ये ठेवता येतो, प्रत्येक वेळी प्रोग्रॅम चालवला की वेगळा असेल, पण एकदा ठेवला की ठेवला.

आणि म्हणूनच दुसऱ्या कोड्यातला तो ॲरे. कॉन्स्टने नाव पक्कं केलं, ॲरे नाही. नाव त्याच ॲरेकडे बोट दाखवत राहणार, ॲरेच्या पोटात काहीही होऊ दे. ॲरेलाच कुलूप लावायचं असेल तर ऑब्जेक्ट.फ्रीझ आहे, पण तेही वरवरचं, फ्रीझ केलेल्या ऑब्जेक्टच्या आत दुसरा ऑब्जेक्ट असेल तर तो मोकळाच राहतो. जावामधलं फायनलही कॉन्स्टसारखंच, फक्त नाव पक्कं करतं. सी मध्ये पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरणारं व्हेरिएबल) पक्का करायचा की तो ज्याकडे बोट दाखवतो ती व्हॅल्यू, हे कॉन्स्ट चांदणीच्या (* या चिन्हाच्या) कुठल्या बाजूला लिहिलंय त्यावर ठरतं, आणि तिथे अनुभवी माणसंही दोनदा वाचून बघतात.

पायथनमध्ये कॉन्स्टंट नाहीच. नाव कॅपिटल अक्षरांत लिहायचं आणि सगळ्यांनी समजून घ्यायचं की याला हात लावायचा नाही, एवढाच रिवाज, पेप ८ या पायथनच्या शैलीच्या नियमांत तो लिहिलेला आहे. ३.८ पासून फायनल अशी खूण करता येते, पण ती टाइप चेकर नावाची वेगळी टूल्स वाचतात, पायथन स्वतः चालताना तिच्याकडे दुर्लक्ष करतं.

व्हॅल्यूच बदलली तर काय होतं याचं एक टोकाचं उदाहरण जुन्या फोरट्रानमधलं. तिथे सबरूटीनला (फंक्शनसारख्याच कोडच्या तुकड्याला) काही पाठवलं की त्याचा मेमरीतला पत्ता जायचा, आणि काही कंपायलर्स ४ हा आकडा मेमरीत एकाच ठिकाणी ठेवून सगळीकडे तोच वापरायचे. कुणी सबरूटीनला सरळ ४ पाठवला आणि आत त्यात १ मिळवला, की त्यानंतर प्रोग्रॅममध्ये जिथे ४ लिहिलंय तिथे ५ मिळायचे!

## 'पण माझा प्रोग्रॅम ग्लोबल वापरून चालतोय की'

चालणारच. तीस ओळींच्या प्रोग्रॅममध्ये चार ग्लोबल असले तर कोणाचं काही बिघडत नाही, आणि एकदाच वापरायच्या छोट्या स्क्रिप्टमध्ये त्यावरून डोकं पिकवू नये असंच मी म्हणेन. अडचण येते स्कोर चुकीचा दिसायला लागल्यावर. लोकल असता तर एक फंक्शन वाचून चूक सापडली असती, ग्लोबल आहे म्हणजे तो कुणीही बदललेला असू शकतो, म्हणजे सगळा प्रोग्रॅम वाचायचा. ग्लोबलवरची ही टीका नवी नाही, विल्यम वुल्फ आणि मेरी शॉ यांनी १९७३ मध्येच त्यावर लेख लिहून ती मांडली होती. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात टोयोटाच्या गाडीने आपोआप वेग घेतल्याबद्दल खटला चालला, त्यात सॉफ्टवेअर तज्ज्ञ फिलिप कूपमन यांच्या साक्षीत थ्रॉटल (इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारा भाग) सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या हजारो ग्लोबल व्हेरिएबल्सचा मुद्दा आला होता. अपघात त्यांच्यामुळेच झाला असा याचा अर्थ नाही, पण एवढी ग्लोबल असली की कोण काय बदलतंय हे तपासणंच हाताबाहेर जातं.

## 'मी बदलणारच नाही, मग कॉन्स्ट कशाला?'

तुम्ही नाही बदलणार, पण इफमध्ये दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी चुकून एकच टाइप झालं तर बदलेल. जावास्क्रिप्टमध्ये इफ (जीव = ०) हा कोड बिनतक्रार चालतो आणि जीव खरोखर ० करून टाकतो. जीवला कॉन्स्ट लावलेलं असेल तर त्याच ओळीवर टाइपएरर येते आणि चूक कुठे आहे ते शोधायला लागत नाही. शिवाय वाचणाऱ्यालाही कळतं की या नावाचा माग काढत खाली जायची गरज नाही, वर जे लिहिलंय तेच शेवटपर्यंत.

## 'मग सगळ्यालाच कॉन्स्ट लावू का?'

जावास्क्रिप्टमध्ये आधी कॉन्स्टच लिहावं आणि रीअसाइन करायची गरज पडली तरच ते लेट करावं, ही सवय बऱ्याच टीम्सनी लावून घेतलीय आणि ती चांगली आहे. रस्ट या भाषेने, जिची १.० आवृत्ती २०१५ ची, नियमच उलटा केला, तिथे लेटने बनवलेलं मुळातच बदलत नाही, बदलायचं असेल तर मूट असं जास्तीचं लिहावं लागतं. पण लूपमधली चालू बेरीज, फेऱ्या मोजणारा काउंटर, खेळातला स्कोर यांचं कामच बदलणं आहे. त्यांच्यासाठी लेट वापरा. ते टाळायला प्रत्येक पायरीला स्कोर१, स्कोर२, स्कोर३ अशी नवी कॉन्स्ट नावं काढत बसलात तर चुकून स्कोर२ च्या जागी स्कोर१ वापरला जाईल, आणि ती चूक जावास्क्रिप्ट पकडून देणार नाही.